विश्लेषण : इंग्रजी वाचता येते, मग बोलता का येत नाही? आयईएलटीएसच्या तयारीतली जुनी गफलत

परीक्षक विचारतात, ‘डू यू लाइक द एरिया यू लिव्ह इन?’ तुम्ही राहता तो परिसर तुम्हाला आवडतो का, एवढाच प्रश्न. समोर बसलेला मुलगा अभियांत्रिकीचा पदवीधर. चार वर्षे सगळी पाठ्यपुस्तके इंग्रजीतूनच वाचलेली. पण त्याने पाठ केलेले असते ते ‘माय होमटाऊन’. त्यामुळे शहराची लोकसंख्या, तिथला किल्ला, तिथली मिसळ आणि वैभवशाली वारसा असे सगळे तो एका दमात सांगून मोकळा होतो. परिसर आवडतो की नाही, हे सांगायचे राहूनच जाते. या परीक्षेची तयारी करून घेणाऱ्या कोणत्याही शिक्षकाला हे दृश्य ओळखीचे वाटेल.

परदेशी शिक्षण, नोकरी किंवा स्थलांतरासाठी दिल्या जाणाऱ्या आयईएलटीएस या परीक्षेचे शुल्क भारतात सतरा-अठरा हजार रुपयांच्या घरात आहे. निकाल दोन वर्षेच ग्राह्य धरला जातो. अर्धा बँड कमी पडला की प्रवेश पुढच्या सत्रावर जातो आणि शैक्षणिक कर्जाची फाइल बँकेत पडून राहते. तरीही तयारी होते ती तुकड्यातुकड्यांत. बोलण्याची वही वेगळी, वाचनाचे पुस्तक वेगळे, दोन्हींचे तास वेगळे. गफलत इथेच आहे. रोजचे इंग्रजी बोलणे आणि परीक्षेसाठी वाचणे हे दोन वेगळे विषय नाहीत, एकाच सरावाच्या दोन बाजू आहेत.

परीक्षेत नेमके काय असते?

आयईएलटीएस १९८९ पासून घेतली जाते. ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे असे तिचे चार भाग. ऐकण्याचे ४० प्रश्न सुमारे ३० मिनिटांत, वाचनाचे ४० प्रश्न ६० मिनिटांत, लेखनाला ६० मिनिटे आणि बोलायला ११ ते १४ मिनिटे. प्रत्येक भागाला ० ते ९ असा बँड मिळतो आणि चारही बँडची सरासरी जवळच्या अर्ध्या बँडपर्यंत नेली जाते. एखाद्याला ६.५, ६.५, ५ आणि ७ मिळाले तर सरासरी ६.२५ येते आणि एकूण बँड ६.५ धरला जातो. कागदावर हे छान दिसते. अडचण अशी, की अनेक ठिकाणी एकूण बँडबरोबर प्रत्येक भागाची स्वतंत्र अट असते. मग तो मधला ५ आडवा येतो.

ब्रिटनमध्ये परिचारिका म्हणून नोंदणी करायची तर तिथली नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल ऐकणे, वाचणे आणि बोलणे या तिन्हींत ७ आणि लेखनात ६.५ मागते. ऑस्ट्रेलियाने मार्च २०२४ पासून विद्यार्थी व्हिसासाठीची किमान पातळी ५.५ वरून ६ वर नेली. ‘कसेबसे निभावून नेऊ’ म्हणणाऱ्यांसाठी वाट अरुंद होत चालली आहे.

परीक्षेचे दोन प्रकार आहेत, ॲकॅडेमिक आणि जनरल ट्रेनिंग. बोलणे आणि ऐकणे दोन्हींत सारखेच. वाचन आणि लेखन वेगळे. ॲकॅडेमिकच्या वाचनात पुस्तके, नियतकालिके, वर्तमानपत्रे यांतले तीन मोठे उतारे येतात. जनरल ट्रेनिंगमध्ये सूचना, जाहिराती, कामाच्या ठिकाणची नियमावली असा रोजच्या व्यवहारातला मजकूर आधी येतो आणि शेवटी एक मोठा उतारा.

रोजचे इंग्रजीच अवघड का जाते?

महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांत २००० पासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. म्हणजे आज पंचविशीत असलेल्या मुलाने बारावीपर्यंत बारा वर्षे हा विषय घेतलेला असतो. ही बारा वर्षे मुख्यतः डोळ्यांची आणि हातांची असतात. धडा वाचला, प्रश्नोत्तरे उतरवली, पेपर लिहिला. बारावीला इंग्रजीच्या १०० गुणांपैकी ८० लेखी परीक्षेचे आणि २० तोंडी परीक्षेचे. ते २० गुण कसे मिळाले, हे राज्यातल्या कोणत्याही माजी विद्यार्थ्याला विचारून पाहावे.

परिणामी शब्द डोळ्यांना ओळखीचे असतात, जिभेला नसतात. ‘रिसीट’मधला ‘पी’ आणि ‘डेट’ म्हणजे कर्ज, यातला ‘बी’ उच्चारायचा नसतो, हे कळण्याआधी हे शब्द शेकडो वेळा वाचून झालेले असतात. वाचताना अर्थ लागतो म्हणून शब्द आला असे वाटते. बोलताना तोच शब्द ऐन वेळी दगा देतो.

दुसरी अडचण वाक्याच्या बांधणीची. मराठीत क्रियापद शेवटी येते. ‘मी काल आईबरोबर बाजारात भाजी आणायला’ इथपर्यंत येईतो ‘गेलो’ म्हणायचे की ‘जाणार होतो’ हे ठरवायला सवड असते. इंग्रजीत ‘आय’ म्हटल्याबरोबर ‘वेंट’ यावे लागते. म्हणजे काय घडले आणि कधी घडले याचा निर्णय दुसऱ्याच शब्दाला. डोक्यात मराठी वाक्य पूर्ण करून मग त्याचे भाषांतर करणारा माणूस याच दुसऱ्या शब्दावर अडतो आणि ‘अं... अं...’ सुरू होते. शब्दसंग्रह कमी पडला म्हणून तो थांबलेला नसतो. वाक्याचे तोंड कुठल्या दिशेला करायचे, हे ठरलेले नसते.

‘पासून’ हे आणखी एक दुखणे. ‘मी दहा वर्षांपासून सोलापुरात राहतो’ याचे सरळ भाषांतर होते ‘आय ॲम लिव्हिंग इन सोलापूर सिन्स टेन इयर्स’. योग्य वाक्य ‘आय हॅव लिव्ह्ड इन सोलापूर फॉर टेन इयर्स’. पहिल्या दोन-तीन मिनिटांत राहणे, शिकणे, काम करणे हेच विषय निघतात, त्यामुळे ही चूक हमखास होते. ‘ए’, ‘ॲन’, ‘द’ यांची तीच गत. मराठीत असे काही नसल्याने ते गळतात किंवा नको तिथे घुसतात. ‘मायसेल्फ अमुक-अमुक’ ही सुरुवात तर जणू प्रार्थनेसारखी पाठ असते. ती आधी सोडावी.

यापेक्षा मोठी अडचण भाषेबाहेरची आहे. सराव करायचा कोणाबरोबर? घरी कुणी इंग्रजी बोलत नाही. कट्ट्यावर एखाद्याने धीर करून दोन वाक्ये म्हटली, की ‘लय शायनिंग मारतोय’ हे ठरलेले. चुकले तर हसतात, बरोबर आले तरी हसतात. मुलींच्या वाट्याला हे जरा जास्तच येते. कान ऐकायला तयार, डोके बोलायला तयार, पण तोंड उघडायची लाज, अशी ही कोंडी आहे. तिच्यावर ‘३० दिवसांत फाडफाड इंग्रजी’ हा फलक उपाय ठरत नाही. तालुक्याच्या एसटी स्थानकाबाहेर तो वर्षानुवर्षे लटकलेला आहे, आणि कोंडीही तशीच आहे.

वाचनाच्या पेपरात वेळ कुठे जातो?

ॲकॅडेमिक वाचनाच्या तीन उताऱ्यांत मिळून २,१५० ते २,७५० शब्द असतात. साधा हिशेब करू. मिनिटाला १५० शब्द समजून वाचणाऱ्याला २,७०० शब्दांना १८ मिनिटे लागतात. ४० प्रश्नांसाठी ४२ मिनिटे उरतात. मिनिटाला ८० शब्द वाचणाऱ्याची जवळपास ३४ मिनिटे नुसत्या वाचनात जातात. त्याला प्रश्नांसाठी २६ मिनिटे मिळतात, म्हणजे एका प्रश्नाला ४० सेकंदही नाहीत. दोघांच्या बुद्धीत फरक नाही, व्याकरणातही कदाचित नसेल. तरी दुसऱ्याचा तिसरा उतारा अर्धवट राहतो आणि ‘वेळच पुरला नाही’ म्हणत तो बाहेर पडतो.

उत्तरे नंतर उतरवायला वाचनाच्या पेपरात वेगळा वेळ मिळत नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे जागा रिकामी सोडणे हा शुद्ध तोटा. स्पेलिंग चुकले तर उत्तर चूक. ‘दोनपेक्षा जास्त शब्द नकोत’ असे सांगितले असताना तीन लिहिले, तरी उत्तर चूक. ॲकॅडेमिकमध्ये ४० पैकी साधारण २३ उत्तरे बरोबर आली तर बँड ६ आणि ३० आली तर ७ मिळतो. म्हणजे ६ आणि ७ यांच्यात सात प्रश्नांचे अंतर आहे. तिसऱ्या उताऱ्यातले सुटलेले प्रश्न बहुधा तेवढेच असतात.

आपला वेग मोजायला क्लासची गरज नाही. इंग्रजी वर्तमानपत्रातला साधारण ६०० शब्दांचा लेख घ्यावा, मोबाइलवर घड्याळ लावावे, सलग वाचावे. चार मिनिटे लागली तर वेग १५०. सात मिनिटांच्या पुढे गेले तर पुढचे दोन महिने सराव प्रश्नपत्रिका बाजूला ठेवून नुसते वाचावे. हा सल्ला क्लासवाल्यांना रुचणार नाही, कारण नुसत्या वाचनाची फी घेता येत नाही. पण वेग नसताना रोज एक प्रश्नपत्रिका सोडवणे म्हणजे रोज वजन करून बारीक होण्याची वाट पाहणे.

‘नॉट गिव्हन’वर इतके जण का चुकतात?

वाचनातला सर्वांत बदनाम प्रश्न म्हणजे ‘ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन’. विधान उताऱ्याशी जुळते का, उताऱ्याच्या विरुद्ध जाते का, की उतारा त्याबद्दल काही सांगतच नाही, हे ठरवायचे. एक मराठी उदाहरण घेऊ. उतारा असा : ‘गावात दोन विहिरी आहेत. देवळाजवळची विहीर मार्चमध्ये आटते.’ विधान : ‘दुसऱ्या विहिरीला वर्षभर पाणी असते.’ बहुतेक जण ‘ट्रू’ म्हणतील. एक आटते असे मुद्दाम सांगितले, म्हणजे दुसरी आटत नसणार! पण उताऱ्यात दुसऱ्या विहिरीबद्दल अवाक्षर नाही. ती कदाचित फेब्रुवारीतच कोरडी पडत असेल. उत्तर ‘नॉट गिव्हन’.

ही चूक इंग्रजीची नाही, सवयीची आहे. शाळेत ‘अनसीन पॅसेज’ सोडवताना प्रत्येक प्रश्नाचे उत्तर उताऱ्यात असतेच, अशी खात्री असते. शोधा म्हणजे सापडेल. ‘याबद्दल इथे काही म्हटलेले नाही’ असे उत्तर शाळेत कधी बरोबर धरले गेलेले नसते. त्यामुळे हुशार विद्यार्थी न लिहिलेलेही भरून काढतो, स्वतःचे सामान्यज्ञान वापरतो आणि फसतो. विज्ञानाच्या उताऱ्यात विज्ञान शाखेचे विद्यार्थी जास्त फसू शकतात, कारण त्यांना विषय आधीच माहीत असतो.

ही सवय मोडायला इंग्रजीच हवे असे नाही. सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर आलेला कोणताही संदेश घ्यावा. त्यात प्रत्यक्ष काय म्हटले आहे आणि आपण काय गृहीत धरले, हे वेगळे करून पाहावे. आठवडाभरात नजर बदलते. इतरही काही उपद्रव टळतील, ते वेगळे.

पाठ केलेली उत्तरे उघडी कशी पडतात?

बोलण्याच्या परीक्षेचे तीन टप्पे आहेत. पहिल्यात चार-पाच मिनिटे घर, काम, शिक्षण, आवडीनिवडी असे साधे प्रश्न. दुसऱ्यात विषय लिहिलेले कार्ड मिळते. एक मिनिट विचार करायला, टिपण काढायला कागद आणि पेन्सिल, मग एक ते दोन मिनिटे सलग बोलायचे. तिसऱ्यात त्याच विषयाच्या अंगाने चर्चा. गुण चार निकषांवर दिले जातात आणि चारही निकषांना सारखेच वजन असते : प्रवाह आणि सुसंगती, शब्दसंपदा, व्याकरणाची विविधता आणि अचूकता, आणि उच्चार.

टेलिग्रामवर ‘या महिन्यातली क्यू कार्ड’ अशा फाइल फिरतात. पन्नास विषय, पन्नास तयार उत्तरे. विद्यार्थी रात्र-रात्र जागून ती पाठ करतात. परीक्षकांना मात्र पाठ केलेली भाषा ओळखण्याचे प्रशिक्षण असते आणि ती ओळखायला फारसे कसबही लागत नाही. ‘आय ॲम फ्रॉम लातूर, देअर आर... अं... मेनी शॉप’ असे चाचपडत बोलणारा विद्यार्थी कार्ड हातात येताच दोन मिनिटे अस्खलित, अलंकारिक भाषण करतो. तिसऱ्या टप्प्यात ‘असे तुम्हाला का वाटते?’ असे विचारले, की गाडी पुन्हा चाचपडू लागते. आवाजाची पट्टी बदलते, नजर छताकडे जाते.

पाठांतर वाईट आहे असे नाही. पाढे, श्लोक, सूत्रे यांवर आपली शाळा उभी आहे आणि त्याचे फायदेही आहेत. पण पाठ करायचीच तर उत्तरे न करता वाक्यांची तोंडे पाठ करावीत. ‘आय यूज्ड टू...’, ‘व्हॉट आय लाइक अबाउट इट इज...’, ‘इट डिपेंड्स ऑन...’, ‘आय हॅव नेव्हर रिअली थॉट अबाउट इट, बट...’ अशी पंधरा-वीस तोंडे जिभेवर बसली, की मघाशी म्हटलेला दुसऱ्या शब्दाचा अडथळा पुष्कळ कमी होतो. पुढचा मजकूर आपला.

मग सराव कसा करायचा?

वाचलेले सांगायचे. सगळी युक्ती एवढीच आहे, पण ती नेमाने कोणी करत नाही.

लासलगावच्या बाजारात कांद्याचे भाव कोसळले आणि शेतकऱ्यांनी लिलाव बंद पाडले, ही बातमी दर एक-दोन वर्षांनी इंग्रजी वर्तमानपत्रांत येते. विषय घरचा, म्हणून समजायला सोपी. साधारण ३०० शब्दांची ती बातमी घड्याळ लावून एकदा वाचायची आणि मिटवायची. मग मोबाइलचा रेकॉर्डर सुरू करून, खोलीतल्या मित्राला सांगावे तशी एका मिनिटात इंग्रजीत सांगायची. ‘अनियन रेट्स आर डाऊन. फार्मर्स आर अँग्री. दे... दे क्लोज्ड द ऑक्शन.’ थांबलो तिथे थांबलो. रेकॉर्डिंग ऐकायचे. (स्वतःचा आवाज पहिल्यांदा सगळ्यांनाच विचित्र वाटतो. तिसऱ्या दिवशी वाटत नाही.) जिथे अडलो त्या दोन-तीन जागा कागदावर मराठीत लिहायच्या. ‘भाव कोसळले’, ‘लिलाव बंद पाडला’, ‘खर्चही निघत नाही’.

आता पुन्हा बातमीकडे जायचे आणि पत्रकाराने या जागी काय लिहिले आहे ते शोधायचे. ‘प्राइसेस फेल शार्पली’, ‘हॉल्टेड द ऑक्शन’, ‘कुड नॉट रिकव्हर देअर कॉस्ट्स’ असे काही सापडते. हे दुसरे वाचन पहिल्यासारखे नसते. हातात नेमका प्रश्न असतो आणि डोळे त्याच्या शोधात ओळींवरून फिरतात. परीक्षेतल्या वाचनात हेच करायचे असते. वर ‘फेल’, ‘ड्रॉप्ड’, ‘डिक्लाइन्ड’ हे सगळे एकाच भावाबद्दल आहे, हेही लक्षात येते. वाचनाचे बरेचसे प्रश्न यावरच बेतलेले असतात. उताऱ्यात एक शब्द, प्रश्नात दुसरा. मग बातमी पुन्हा सांगायची. दुसऱ्या वेळी एक मिनिट पुरत नाही.

एवढ्याला वीस मिनिटे लागतात. दिवसाला एक बातमी धरली तर दोन महिन्यांत साठ होतात. त्यांत पाऊस, वाहतूक, शाळा, मोबाइल, आरोग्य, पर्यावरण, क्रिकेट सगळे येऊन जाते. क्यू कार्डचे विषय याबाहेरचे क्वचितच असतात.

गप्पांच्या सरावाला मात्र माणूस लागतो. एकाच परीक्षेची तयारी करणारे दोघे जण रोज पंधरा मिनिटे फोनवर बोलले तरी चालते. इथे एक पथ्य आहे : बोलताना चूक काढायची नाही. चुका नंतर. बोलणाऱ्याला मध्येच ‘सिन्स नाही, फॉर’ म्हणून अडवले, की तो पुढचे वाक्य छोटे करतो आणि त्याच्या पुढचे गिळून टाकतो. ऐकणाऱ्याने त्याऐवजी प्रश्न विचारावेत. सकाळी चहा की कॉफी? का? लहानपणापासून? घरात कोण करते? आवडते की नाही, एवढे सांगून न थांबता कारण आणि एखादा प्रसंग जोडायचा, एवढीच पहिल्या टप्प्याची अपेक्षा असते. दोन-तीन वाक्यांचे उत्तर पुरते. एरवी चहाच्या टपरीवर मराठीत तासभर हेच तर चाललेले असते.

परिचारिकांच्या बाबतीत हा सराव परीक्षेच्याही पुढचा आहे. रुग्णाची तक्रार ऐकून घेणे, ती पाळी बदलताना सहकाऱ्याला थोडक्यात सांगणे, औषधाच्या सूचना वाचून सोप्या शब्दांत समजावणे. वॉर्डातला दिवस असाच जातो. मराठीत रोज करतात ते काम, पाच मिनिटे इंग्रजीत करून पाहिले तरी सराव होतो. ‘पेन’, ‘ड्रेसिंग’, ‘डिस्चार्ज’ हे शब्द तर आधीच तोंडात आहेत. राहिला प्रश्न मधल्या क्रियापदांचा.

परदेशी धाटणीचे उच्चार हवेतच का?

नाहीत. गुण समजण्याजोग्या उच्चाराला आहेत. मराठी वळणाच्या इंग्रजीचे गुण कापले जात नाहीत आणि ओढूनताणून आणलेल्या अमेरिकी वळणाला जास्तीचे मिळत नाहीत. लक्ष द्यायचेच असेल तर आघाताकडे द्यावे. मराठीत शब्दातली अक्षरे आपण साधारण सारख्याच जोराने म्हणतो. इंग्रजीत ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अवयवावर असतो आणि ‘फोटोग्राफी’मध्ये तो दुसऱ्यावर सरकतो. जोर चुकला की ऐकणारा क्षणभर गोंधळतो. ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ या दोघांनाही आपल्याकडे एकच ‘व’ आहे, त्यामुळे ‘व्हेस्ट’ आणि ‘वेस्ट’ ऐकायला एकसारखे होतात. ‘डब्ल्यू’ला ओठांचा चंबू करायचा, ‘व्ही’ला वरचे दात खालच्या ओठाला टेकवायचे. दोन मिनिटांचे काम, पण आरशासमोर करावे.

मोबाइलवरच्या एआयशी बोलून भागेल का?

काही अंशी. बोलणाऱ्या चॅटबॉटचा मोठा गुण असा, की तो हसत नाही. ज्यांना माणसासमोर तोंड उघडायचीच भीती वाटते, त्यांचे पहिले पंधरा दिवस यामुळे सुकर होतात. पण तो फार समजूतदार असतो. अर्धवट वाक्याचाही अर्थ लावून घेतो आणि बहुतेक गोष्टींना ‘छान!’ म्हणतो. माणूस कपाळाला आठ्या घालतो, ‘काय?’ म्हणून विचारतो, आणि मग तेच दुसऱ्या शब्दांत सांगावे लागते. परीक्षेतही समोर माणूसच असतो, प्रत्यक्ष किंवा व्हिडीओ कॉलवर. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारा, असे सांगण्यात कमीपणा नाही. ‘सॉरी, कुड यू रिपीट दॅट?’ हे वाक्यही सरावाचेच आहे.

लिहिलेले उत्तर एआयकडून ‘सुधारून’ घेऊन ते पाठ करण्याचा प्रकार मात्र वाढतो आहे. ती टेलिग्रामच्या फाइलचीच नवी आवृत्ती आहे, फक्त प्रत्येकाची वेगळी.

एकाच भागात गुण कमी पडले तर?

पूर्वी चारही भाग पुन्हा द्यावे लागत. आता ‘वन स्किल रीटेक’ या सोयीमुळे संगणकावर परीक्षा दिलेल्यांना चारपैकी कोणताही एक भाग एकदा पुन्हा देता येतो आणि त्याचे नवे गुणपत्रक मिळते. ही सोय भारतात उपलब्ध आहे. मात्र प्रत्येक विद्यापीठ किंवा व्हिसा यंत्रणा असे गुणपत्रक स्वीकारेलच असे नाही, त्यामुळे पैसे भरण्याआधी संबंधित संस्थेला ईमेल करून लेखी उत्तर घ्यावे. फेरपरीक्षा ६० दिवसांच्या आत द्यावी लागते आणि हे दिवस मूळ परीक्षेच्या तारखेपासून मोजले जातात, निकालाच्या तारखेपासून नाही.